गुरुवारपर्यंतचं सलाईन

पेडगाव, जि. परभणी
मे १९७३, रविवार

आदरणीय दाजींना,

आपल्या पायाशी मनापासून जयभीम. (पूर्वी आपल्यातही पत्रात 'साष्टांग दंडवत' घालायची चाल होती. छप्पन्न साली आपण ती सोडली ते बरंच झालं. यंदाच्या उन्हाळ्यात पेडगावच्या भुईवर कुणी साष्टांग घातला, तर पोटाची कातडी भुईलाच चिकटून राहील.) अक्काचे गुडघे कसे आहेत? आपलं पित्त उन्हानं वाढलं असेल, ताक मिळत असेल तर घेत जा. आणि मिळत नसेल तर मी लिहिलं होतं एवढं तरी लक्षात ठेवा. मनमाडला पाणी असं कधी नव्हतंच, त्यामुळे हा दुष्काळ तुम्हाला वेगळा म्हणून कळला असेल का, ही मला शंका आहे. इकडे मात्र तो नीट ओळख करून देऊन आला आहे. आईची तब्येत चांगली आहे असं लिहायला आईनंच सांगितलं आहे, तेव्हा खरी कशी आहे ते आपण ओळखावं.

मागच्या पत्रात आपण विचारलं होतं, की चंद्रभान सुट्टीत काय करायलाय, लग्नाचं काही मनावर घ्यायलाय का. दाजी, लग्नाचं राहिलं. मी स्पॅनिश शिकलो. आपण हे वाक्य पुन्हा वाचाल म्हणून इथं थोडी जागा सोडतो. झालं असं, की पाण्याअभावी यंदा शाळेला मार्चमध्येच सुट्टी लागली, तसा तहसिलीतून हुकूम आला, मास्तरांनी घरी लोळायचं नाही, दुष्काळी कामावर हजर व्हायचं. गावाशेजारी पाझर तलावाचं आणि खडी फोडायचं अशी दोन कामं चालू आहेत, आजूबाजूच्या पाच-सहा गावांचं माणूस तिथं उन्हात आहे. मला वाटलं हजेरीवर बसवतील, म्हणजे निदान डोक्यावर छप्पर मिळेल. पण तिथल्या साहेबानं विचारलं, इंग्रजी कुणाला येतं, आणि माझा हात वर गेला. (बी.ए. होऊन सहा वर्षं झाली, कुणी काही विचारलंच नव्हतं. हात आपोआप गेला.) कामाच्या कडेला परदेशातल्या एका मिशननं ताडपत्रीचा दवाखाना उघडला होता आणि तिथं सिस्टर मिलाग्रोस नावाची स्पेन देशाची बाई बसली होती. पन्नाशीच्या पुढची, नाकाचं कातडं उन्हानं सोललेलं, आवाज तहसीलदाराचा. ती आली त्याच आठवड्यात रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, म्हणून गावानं तिचं नाव मिलोबाई ठेवून टाकलं. तिनंही ते घेतलं. तिला इंग्रजी येत होतं, पण तिच्या इंग्रजीची आणि माझ्या इंग्रजीची कधी गाठ पडली नव्हती. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजी बोललो आणि दोघांनाही वाटलं, समोरचा आपापल्या मायबोलीत बोलायलाय. तिसऱ्या दिवशी तिनं कपाळाला हात लावला आणि ठरवलं, की ह्यापेक्षा मास्तरलाच स्पॅनिश शिकवणं सोपं.

दुपारी रोग्यांची गर्दी कमी झाली की शिकवणी. माझं नाव अमुक, हे झाड आहे, असलं बाईंनी काही शिकवलं नाही. पहिल्या दिवसापासून नुसता काळ. कारण दवाखान्यात सुरुवातीला विचारायचं असतं, कधीपासून? आणि शेवटी सांगायचं असतं, कधीपर्यंत. देस्दे म्हणजे पासून. आस्ता म्हणजे पर्यंत. (ह्या आस्ताच्या अगोदर लिहिताना एक 'ह' घालतात आणि बोलताना खाऊन टाकतात. आपण 'आम्ही' लिहून 'आमी' म्हणतो, त्यातलंच.) देन्त्रो दे म्हणजे इतक्या दिवसांनी. आणि दुखणं अजून चालूच आहे, थांबलेलं नाही, असं माणसाला स्वतःबद्दल सांगायचं असेल तर म्हणायचं येवो. येवो त्रेस दियास, म्हणजे मला हे होऊन तीन दिवस झाले आणि अजून होतंच आहे. मला आधी वाटलं बाई प्रार्थना करायलीय, येवो, कुठून तरी काहीतरी येवो. उद्याला आणि सकाळला त्यांच्यात शब्द एकच आहे, मान्याना, त्यामुळे उद्या सकाळी म्हणायचं तर मान्याना दोनदा म्हणावं लागतं. (दोनदा म्हणूनही औषध येत नव्हतं, तो भाग वेगळा.) पण एक गोष्ट मला फार आवडली. आठवड्याला ते लोकही आठ दिवस म्हणतात आणि पंधरवड्याला पंधरा दिवस. इंग्रज तेवढा सात आणि चौदा मोजत बसला. हे कळलं त्या दुपारपासून मिलोबाई मला आपल्या पावण्यांतलीच कुणी वाटायला लागली.

चुका तर झाल्याच. 'तीन दिवसांपासून' आणि 'तीन दिवसांपूर्वी' ह्या दोघांत त्यांच्या भाषेत एका देस्देचं अंतर आहे. ते देस्दे मी पहिल्याच आठवड्यात विसरलो. वालूरहून आलेला सिताराम नावाचा म्हातारा होता, पोट धरून वाकलेला, तीन दिवसांपासून हगवण लागलेली. मी बाईंना सांगितलं, ह्यांना तीन दिवसांपूर्वी हगवण होती. बाईंना आनंद झाला. त्या उठल्या, त्याचा हात हातात घेऊन हलवला, पाठीवर थाप मारली आणि मूठभर सुकडी देऊन त्याला परत पाठवला. म्हातारा बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत होता, की गोरी बाई लय मायाळू हाय, पर इलाज जरा वेगळाच हाय. दुसऱ्या दिवशी त्याला खाटेवर घालून आणलं. तो वाचला, दाजी. त्यानंतर मी देस्दे कधी विसरलो नाही.

आपल्या माणसांकडून काळ काढून घेणं हे आणखी एक काम. सरजाबाईला (वेशीजवळची, तुमच्या लग्नात आहेरावरून भांडलेली) विचारलं, कंबर कधीपासून दुखते, तर म्हणाली, पोलिस ॲक्शनच्या साली रझाकाराच्या भेवानं पळाले, बांधावरून पडले, तवापासून. मी जसंच्या तसं बाईंना सांगितलं, लढाईपासून. मला वाटलं बाई हसतील. बाईंनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, आमच्या गावातही माझ्या आईच्या वयाच्या सगळ्या बायकांचं दुखणं लढाईपासूनच आहे. मग त्या दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या, एक मराठीत बोलायची, एक स्पॅनिशमध्ये, आणि मला कुणी काही विचारलंच नाही. मी बाहेर जाऊन पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहिलो. (पिंप एकच आहे. पहिल्या दिवशी कुणीतरी दुसरं वेगळं मांडलं होतं. बाईंनी ते विचारून घेतलं, समजून घेतलं, आणि लाथेनं आडवं केलं. ते भाषांतर मला करावं लागलं नाही.)

मग महिनाभरानं डॉक्टर आला. मेक्सिको देशाचा, तिशीच्या आतला, साल्सेदो त्याचं नाव. गावानं त्याला सालदार म्हणायला सुरुवात केली. सालदार वर्षाच्या बोलीवर असतो, हा तीन महिन्यांच्या बोलीवर आला होता, पण राबायचा सालदारासारखाच. तोही स्पॅनिशच बोलायचा, फक्त बाई जिथं 'थ' म्हणायच्या तिथं हा 'स' म्हणायचा. 'पूर्वी'साठीच्या आथेचं आसे, पंधरासाठीच्या किन्थेचं किन्से. मी मनात म्हटलं, पुण्याचा माणूस 'नाही' म्हणतो, आपण 'न्हाई' म्हणतो, अर्थ थोडाच बदलतो? आता मला वाटतं, की अर्थ कुठं बदलतो हे बघायला माणसानं फार दक्ष राहायला पाहिजे. पण तेव्हा मला माझ्या स्पॅनिशचा थोडा डौल आला होता. गावातली माणसं मला रस्त्यात थांबवून, मास्तर, जरा त्या भाषेत बोलून दाखवा की, म्हणायची. आणि मी बोलून दाखवायचो.

इथून पुढं गमतीचं काही नाही. अक्काला मोठ्यानं वाचून दाखवत असाल, तर इथं थांबून आधी स्वतः वाचावं.

मेच्या सुरुवातीला हगवण-वांतीची साथ आली. विहिरींच्या तळात जे उरलं होतं ते पाणी नव्हतंच. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या म्हणून मिलोबाई शनिवारी औरंगाबादला गेल्या. जाताना म्हणाल्या, घेतल्याशिवाय परत येणार नाही. डॉक्टरजवळ मोजक्या बाटल्या होत्या आणि त्या तो अगदी डोळे आत गेलेल्यांसाठी ठेवायचा. बाकीच्यांना उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर. सोमवारी सकाळी लिंबाजीची बायको गीताबाई आली. लिंबाजी आपल्याला आठवत असेल. आमच्या घरामागचा, उंचेला, तुमच्या वरातीपुढं लेझीम खेळताना ज्याचं धोतर फाटलं तो. गीताबाई आपल्या पायांनी चालत आली होती, कडेवर अडीच महिन्यांची पोरगी. बाळंतपणानंतर सव्वा महिना होतो न होतो तोच ती खडीवर यायला लागली होती. बाभळीला झोळी बांधायची आणि एका हातानं झोळीची दोरी ओढत दुसऱ्या हातानं खडी फोडायची. रात्रभर जुलाब झाले होते. डॉक्टरनं तपासलं, गोळ्या दिल्या, मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते स्वतः करून दाखवलं, आणि म्हणाला आता हिला बाटलीची गरज नाही, बघू.

लिंबाजी मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, "मास्तर, खरं सांगा. परभणीला नेऊ का हितंच ठिवू? तितं लय गर्दी हाय म्हंत्यात."

मी डॉक्टरला विचारलं, सलाईन कधी येणार? तो दुसऱ्या रोग्याची नाडी बघत होता. मान न वळवता म्हणाला, "व्येने आस्ता एल ख्वेवेस." ख्वेवेस म्हणजे गुरुवार. आस्ता म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे. व्येने म्हणजे येतं.

मी लिंबाजीला सांगितलं, "गुरुवारपर्यंत येतंय."

"म्हंजी आज-उद्या कवाबी?"

"हो. गुरुवारच्या आत कधीही."

तो हसला, दाजी. म्हणाला, मग कशाला तिला गाडीत हेलपाटायची, हितंच ठिवतो. आणि मलाही ते पटलं. तुम्ही असता तर तुम्हालाही पटलं असतं.

मंगळवारी तिला जास्त झालं. लिंबाजीनं तिला दवाखान्यात आणलं नाही, कारण डॉक्टरजवळच्या होत्या त्या बाटल्याही संपल्या, ट्रक आला की तडक नेऊ, उगंच उन्हात कशाला. तो दिवसभर फाट्यावर जाऊन उभा राहायचा. मीही दोनदा गेलो. आणखी चार-पाच जण होते, ज्यांच्या घरात कुणी ना कुणी पडलेलं होतं आणि ज्यांना मीच सांगितलं होतं, गुरुवारपर्यंत येतंय. लांब धूळ दिसली की सगळे रस्त्याच्या मधोमध जायचे. एस.टी. असायची. डॉक्टर दोन-तीनदा बाहेर येऊन आमच्याकडे बघून गेला. नंतर त्यानं मला सांगितलं, की त्याला वाटलं आम्ही एस.टी.ची वाट बघतोय.

बुधवारी सकाळी लिंबाजीनं हाक मारली तेव्हा त्याचा आवाज निराळा होता. गीताबाईचे डोळे खोल गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मी दवाखान्याकडे पळालो. डॉक्टर तलावाच्या कामावर गेला होता, तिथं तिघं एकदम पडले होते. मग आम्ही खाट उचलली आणि स्टेशनाकडे निघालो, परभणीची गाडी गाठायला. आई मागून पोरगीला घेऊन. खाटेला चौघं, मी डोक्याकडच्या बाजूला. वाटेत गीताबाईनं दोनदा विचारलं, आली का. लिंबाजी म्हणाला, हां, आली. ती गाडीबद्दल विचारत होती, का ट्रकबद्दल, का पोरगीबद्दल, मला माहीत नाही.

प्लॅटफॉर्मवर लिंबाखाली खाट ठेवली. गाडीला अजून वेळ होता. गीताबाईनं हात पुढं केला म्हणून आईनं पोरगीला तिच्या कुशीत ठेवलं. पोरगी लुचायला लागली. आम्ही पुरुष माणसं पाठ करून उभे राहिलो, रुळाकडे बघत. थोड्या वेळानं आई माझ्याजवळ आली. पोरगी तिच्या खांद्यावर होती आणि रडत होती. आई हळूच म्हणाली, "गेली रे. लिंबाजीला आता तू सांग."

मी सांगितलं. त्या वाक्याला मराठीत काही अडचण नसते.

गाडी अगदी वेळेवर आली, दाजी. आपल्या रेल्वे खात्याला नाव ठेवायला जागा नाही. दोन मिनिटं थांबली, कुणी चढलं नाही, आणि गेली. आम्ही त्याच खाटेवरून तिला परत आणलं.

गुरुवारी सकाळी ट्रक आला. पुढच्या सीटवर मिलोबाई, धुळीनं लाल, मागं बाटल्यांची खोकी. डॉक्टर पळत बाहेर आला आणि माझ्या दंडाला धरून आनंदानं म्हणाला, ख्वेवेस, मास्तर, ख्वेवेस, मी सांगितलं होतं ना. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं गुरुवारपर्यंत येतंय. तो म्हणाला, तेच तर. मी म्हटलं, आम्ही सोमवारपासून वाट बघत होतो. तो म्हणाला, सोमवारपासून का? गुरुवारी येणार म्हटल्यावर सोमवारपासून का? आणि मग मी त्याला गीताबाईचं सांगितलं. माझं स्पॅनिश त्या दिवशी कुठंही अडलं नाही. देस्दे, आस्ता, सगळं जागच्या जागी आलं.

तो म्हणाला, ती बाळ घेऊन आलेली? मी म्हटलं, हो.

मिलोबाई ट्रकमधून उतरून ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, डॉक्टर काय म्हणाला होता, शब्द न् शब्द सांग. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी मला समजावलं, हळूहळू, शाळेतल्यासारखं. त्यांच्या स्पेनमध्ये, एखादी गोष्ट गुरुवारच्या आधी येणार नाही, गुरुवारीच येईल असं सांगायचं, तर 'नो' म्हणावंच लागतं, गुरुवारपर्यंत येत नाही. डॉक्टरच्या देशात ते 'नो' म्हणत नाहीत. नुसतं म्हणतात, गुरुवारपर्यंत येतं, आणि ऐकणारे सगळे समजतात, की गुरुवारशिवाय येत नाही. तिथं सगळ्यांना हे समजतं. लहान पोरालाही समजतं. बाई एकाएकी डॉक्टरकडे वळल्या आणि इतक्या भरभर बोलायला लागल्या, की मला फक्त एकच शब्द कळत होता, नो, नो, नो. डॉक्टर मिलोच्या पोत्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खोकी उतरवायची राहिली होती. ती मी उतरवली.

दुपारी डॉक्टर म्हणाला, मला त्या माणसाकडे घेऊन चल. मी म्हटलं, तिथं जाऊन काय सांगणार? तो म्हणाला, तू फक्त चल. लिंबाजी अंगणात बसला होता, शेजारी त्याचा आंधळा बाप. डॉक्टरनं बाहेरच बूट काढले आणि तापल्या भुईवर उभा राहिला. जे बोलला ते मी मराठीत सांगितलं. ते 'नो'चंही सांगितलं, कारण न सांगणं मला जमेना. लिंबाजीनं सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "मास्तर, तुमी बी तेच समजला व्हता?"

"हो."

"मंग काय करता." मग म्हणाला, "त्याला सांगा, भुई तापलीय, सावलीत ये म्हनाव." आणि डॉक्टर सावलीत आल्यावर, त्याच्याकडे न बघता, "त्याला म्हनाव, मानसाला नुसतं वाराचं नाव घेऊन सांगत जा. गुरवारी म्हन. पर्यंत म्हनू नको."

तेव्हापासून दवाखान्यात तोच कायदा आहे. डॉक्टर सातही वार मराठीत शिकला आहे आणि गोळ्यांची पुडी देताना रोग्याच्या तोंडासमोर बोट धरून ओरडतो, सोमवारी! मंगळवारी! बुधवारी! लोकांना आधी हसू यायचं, आता ते त्याच्यामागून म्हणतात. मिलोबाई शिकवणी घ्यायची म्हणतात, पण मी दुपारी काही ना काही काम काढतो. मला झोप लागते, दाजी. पडलो की लागते. हे मला स्वतःला पटत नाही, पण लागते.

असो. आपल्या प्रकृतीस जपावं. अक्काला माझा आणि आईचा आशीर्वाद-नमस्कार, जो ज्याच्याकडून शोभेल तो. आपल्या पाठीमागच्या चाळीत सगळ्यांना जयभीम.

आपला मेहुणा,
चंद्रभान

ता. क. मनमाडला लहान लेकराच्या दुधाच्या बाटलीची रबरी बोंडं मिळत असतील तर मऊ बघून तीन-चार पाठवावी. परभणीहून आणलेलं बोंड कडक आहे, तिला ओढत नाही. मिलोबाईंनी दुधाची पावडर दिली आहे, ती पुरेशी आहे.

आणखी एक. बोंडं कुणासाठी ते आपल्या ध्यानात आलंच असेल. त्या बुधवारी स्टेशनावरून आईनं पोरगीला घरी आणलं ती आमच्याकडेच आहे. लिंबाजीच्या घरात बाईमाणूस नाही आणि आंधळ्या बापाला स्वतःचंच होत नाही. आई रात्रंदिवस तिला मांडीवर घेऊन असते, पण आई आता खाली बसली की तिला उठवायला माझा हात लागतो. हे सगळं पत्र मी ज्यासाठी लिहायला बसलो आणि चार पानं इकडं-तिकडं हिंडत राहिलो, ते आता लिहितो. आई म्हणते, पोरगी अक्काला द्यावी. तुमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली, ह्या विषयावर मी आजवर एक अक्षर बोललो नाही, आणि आपण रागावणार असाल तर माझ्यावर रागवा, आईवर नको. मी लिंबाजीशी बोललो. मी त्याला म्हटलं, हात-पाय सावरले की परत आण, काही दिवसांचीच बोली करू. तो म्हणाला, "न्हाई मास्तर. येकदा माय गेली तिची. दुसऱ्यांदा तिच्यापासनं माय मी न्यायची न्हाई. कायमचीच लिव्हा." म्हणून कायमची लिहितो. नाव अजून ठेवलेलं नाही. गीताबाई तिला नुसती बाय म्हणायची. अक्कानं नको म्हटलं तरी चालेल, पण नको असेल तर ते पत्रानं कळवू नये, आपण स्वतः येऊन आईला सांगावं. हो असेल तर दोघं या.

शेवटचं. पत्र रविवारी लिहून झालं, आज शुक्रवार आहे. उशीर माझ्यामुळं नाही. रोज संध्याकाळी मी शाळेच्या ओट्यावर बसलो की लिंबाजी येतो आणि म्हणतो, आज नगं, उद्या टाका. आमच्या दारात येतो, आत येत नाही, उंबऱ्याबाहेरून पोरगीकडे बघतो आणि जातो. आज सकाळी मात्र आत आला, तिला उचललं, थोडा वेळ अंगणात फिरवलं, आईच्या मांडीवर परत ठेवलं आणि माझ्याकडे हात पुढं करून म्हणाला, "द्या ते पत्र. म्याच टाकतो." तो दारात उभा आहे म्हणून घाईनं लिहितोय. पाकीट चिकटवून त्याच्याच हातात देतो आहे. आपल्याला मिळालं, तर त्यानं टाकलं असं समजावं.